उणे एक

लुडॉल्फ आल्बोर्न जिना उतरायला लागला की आमच्या गल्लीतली माणसं ओठ दाबून हसायची. उतरला म्हणजे पुन्हा चढणार, हे ठरलेलंच. दिवा मालवला का, खिडकीची कडी बसली का, शाईच्या बाटलीला बूच आहे का. "चढला गं बाई परत," असं खालच्या मोच्याची बायको मोठ्यानं म्हणायची, आणि तो वरून ऐकून कानापर्यंत लाल व्हायचा. पण चढायचा. चढला नाही तर त्याचं दिवसभर जेवण उतरत नसे.

तो लाइने नदीकाठच्या एका पाणचक्कीवाल्याचा मुलगा. डोकं पाण्यासारखं चालायचं, म्हणून बापानं पीठ-कोंडा एक करून त्याला गणित शिकायला गॉटिंगेनला धाडला. शिकलाही चांगला. लेखी परीक्षा पार पडली. तोंडी परीक्षेत प्रश्न आला, त्यानं उत्तर दिलं, ते बरोबर होतं. आणि मग म्हणाला, "थांबा हं, एकदा पुन्हा बघतो." परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे खात्री नाही?" तर म्हणाला, "खात्री आहे, पण पुन्हा बघतो." तिथं गाडं जे अडलं ते अडलं. घरी परत जायचं तोंड राहिलं नाही. मग तो इथंच राहिला आणि प्रोफेसरांची व्याख्यानं दगडासाठी लिहून देऊ लागला.

हे दगडासाठी लिहिणं म्हणजे आमच्या गावची खास रीत. गणिताची चिन्हं खिळ्यांच्या छपाईत बसवायची म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांच्या डोळ्यांचं पाणी व्हायचं. त्यापेक्षा सुरेख हाताच्या माणसानं खळीचा थर दिलेल्या कागदावर तेलकट शाईनं अख्खं व्याख्यान लिहायचं. छापखानेवाला तो कागद ओला करून दगडावर पालथा दाबतो, शाई दगडाला चिकटते, कागद फुकट जातो. मग दगडाला गोंद-आम्ल लावायचं, पाणी फिरवायचं आणि वर रूळ. जिथं तेल तिथं काळं, बाकी कोरं. दगडाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त तेल कळतं. म्हणून लिहिताना मनगटाखाली एक कोरा कागद धरायचा, शिंक आली तर तोंड फिरवायचं, आणि लोणी खाल्लेल्या हातानं त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. आमचा छापखानेवाला आर्नेके म्हणायचा, "मास्तरासारखा लिहिणारा हात अख्ख्या हानोव्हर मुलखात न्हाय. पानावर माशी बसंल, पर मास्तराचं बोट उठायचं न्हाय."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला प्रोफेसर टीलेनबर्गांचं व्याख्यान छापायचं होतं, अतिगुणोत्तरीय फलनांवरचं. त्यात लुडॉल्फचं सगळं आयुष्य अडकलं होतं. आइनबेकच्या एका शाळेत गणिताला माणूस हवा होता. परीक्षेचा कागद नसला तरी चालेल, पण टीलेनबर्गांचा शब्द हवा, असं हेडमास्तरांनी कळवलेलं. प्रोफेसर म्हणाले होते, "व्याख्यान निर्दोष छापून माझ्या हातात द्या, शब्द देतो." आणि ती जागा मिळाली तरच ब्राकेल खाटकाची डोरेटे लुडॉल्फच्या घरात येणार होती. साखरपुड्याची अंगठी तिच्या बोटात इतकी जुनी झाली होती, की ती काढायची म्हटली तर साबण लागला असता.

'निर्दोष' या शब्दामागे एक दुखणं होतं. आदल्या हिवाळ्यातल्या व्याख्यानात लुडॉल्फच्या हातून एक चूक छापली गेली होती. ती कशी, हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात थोर गणिती गाउसबाबांच्या वेळेपासून एक फलन पाय या खुणेनं लिहितात, Π. बाहेरच्या जगात तेच फलन गॅमानं लिहितात, Γ. वस्तू एकच, मोजणी वेगळी. जिना चढून गेल्यावर जो मजला लागतो त्याला आपण पहिला म्हणतो, तळमजला मोजत नाही. पण उद्या कुणी तळमजल्यालाच पहिला म्हणू लागला, तर त्याच घराचा आकडा एकानं वाढतो, आणि जुन्या पत्त्यावर आलेला टपालवाला भलत्याच दारावर थाप मारतो. पायचा तिसरा मजला तो गॅमाचा चौथा. टीलेनबर्ग फळ्यावर जन्मभर पाय लिहीत आलेले. पण व्याख्यान हाल्ले, लाइपझिगकडे जाणार, म्हणून दगडावर सगळीकडे गॅमा हवा, असं त्यांनी सांगितलेलं. म्हणजे लुडॉल्फनं नुसतं उतरवायचं नव्हतं, जिथं Π(γ−1), कंसात लहान गॅमा नावाचा आकडा, असेल तिथं ते 'उणे एक' काढून Γ(γ) करायचं होतं. शेकडो ठिकाणी.

हिवाळ्यात एका ठिकाणी ते उणे एक राहून गेलं. लुडॉल्फनं सूत्र आकडे घालून तपासलं होतं, तीन अक्षरांच्या जागी एक, एक आणि तीन घालून. उत्तर दोन यायला हवं, दोनच आलं. आता या फलनाची गंमत अशी, की तळमजल्यावरही त्याची किंमत एक आणि वरच्या मजल्यावरही एकच. मजला चुकला तरी त्या आकड्यांना उत्तर तेच येतं. चूक आरामात पाय पसरून झोपली आणि छापली गेली. मग परगावच्या एका विद्वानानं भर सभेत टीलेनबर्गांना विचारलं, "गॉटिंगेनमध्ये हल्ली एक वजा केला तरी चालतं वाटतं?" सभा हसली. प्रोफेसर हसले नाहीत.

पवित्र आत्म्याच्या सणाची रविवार-सोमवारची सुट्टी लागण्याआधीच्या शनिवारी लुडॉल्फनं शेवटचा कागद आर्नेकेकडे दिला. दारादारावर बर्चच्या हिरव्या फांद्या बांधल्या होत्या. आर्नेके म्हणाला, "मंगळवारी सकाळी दगडावर घेतो. आता सणाचं दोन दिस डोकं थंड ठिवा, मास्तर."

लुडॉल्फनं खरंच थंड ठेवलं, सोमवार दुपारपर्यंत.

सोमवारी ब्राकेलचं घरदार प्लेसच्या पडक्या किल्ल्यावर सहलीला निघालं. गल्लीतली आम्हीही बरीच होतो. ब्राकेल पुढं, खांद्यावर टोपली, टोपलीत घरचा सॉसेज, पाव, काकडीचं लोणचं. हा ब्राकेल म्हणजे तोंडाचा तोफखाना.

"काय जावईबापू," तो मागं वळून ओरडला, "आज दिवा मालवला ना? का डोंगरावरून परत पळायचंय?"

"बाबा, पुरे हं," डोरेटे म्हणाली.

"अगं, विचारलं! घर जळालं तर जावई आमच्याच घरी येणार राहायला. मला आधी ठाऊक असलेलं बरं."

वर पोचल्यावर चादरी पसरल्या, सुऱ्या चालल्या. ब्राकेलनं आग्रह करकरून लुडॉल्फच्या हातावर जाडजूड चकत्या ठेवल्या. "खा. मास्तरकीच्या पगारात एवढं डुक्कर परत दिसायचं नाही." बोटांवरून चरबी ओघळत होती. लुडॉल्फ खात होता, हसतही होता. त्याला असं हसताना फार दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं.

डोरेटे त्याच्याजवळ सरकून बसली. "शेवटच्या कागदावर काय होतं रे? सांग तरी. आपल्या आयुष्याचं लग्न ज्याच्याशी लागलंय ते निदान कळू दे."

"तुला कंटाळा येईल."

"येऊ दे. सॉसेज आहे हातात."

मग त्यानं सांगितलं. गाउसची मालिका. पहिलं पद एक. दुसऱ्या पदात वर अल्फा आणि बीटा, खाली एक आणि गॅमा, लहान गॅमा. मग दर पावलाला वरचे दोघंही एकेकानं वाढतात, खालचेही वाढतात, आणि x चा एक घात चढतो. अशी ती चालत राहते, कुठं थांबत नाही. "फक्त लहान गॅमा शून्य किंवा उणा पूर्ण आकडा नको. नाहीतर चालता चालता खाली शून्य येतं आणि सगळं खड्ड्यात."

"आणि शेवटी?"

"x च्या जागी एक घातला, की ती अख्खी न संपणारी मालिका चार तुकड्यांत मावते. दोन वर, दोन खाली. तेच शेवटच्या कागदावर आहे. चारांतून चार उणे एक काढायचे."

"काढलेस ना?"

"काढले की. वर पहिला गॅमा, कंसात नुसता लहान गॅमा, उणे एक काढलं. दुसरा, त्यातून अल्फा-बीटा वजा, काढलं. खाली तिसरा, अल्फा वजा, काढलं. चौथा..."

तो थांबला. डोरेटे त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या तोंडावरचं रक्त उतरलं.

"काय झालं?"

"चौथा लिहिताना खालून तुझ्या बाबांनी हाक मारली होती. टोपली सोमवारी किती वाजता न्यायची म्हणून. मी खिडकीशी गेलो. परत येऊन लेखणी बुडवली..." त्यानं डोळे मिटले. "मला कंस दिसतो. लहान गॅमा दिसतो. उणे बीटा दिसतो. पुढं काय लिहिलं ते दिसत नाही."

"लुडॉल्फ, तू काढलं असशील."

"असशील म्हणजे?"

"म्हणजे काढलंच असशील. तू कधी विसरतोस का?"

हे बोलल्याबरोबर तिला कळलं, की हे बोलायला नको होतं. त्यानं टोपी उचलली.

"उद्या सकाळी दगडावर घेईन म्हणालाय आर्नेके. उजाडलं की घेतो तो. नंतर कागद राहत नाही."

"मग पहाटे जा ना. आत्ता सणासुदीचं..."

तो चालायलाही लागला होता. ब्राकेलनं हातातली सुरी वर करून अख्ख्या किल्ल्याला ऐकू जाईल असं विचारलं, "दिवा का हो, जावईबापू?" सगळे हसले. डोरेटे हसली नाही. ती उठून उभी राहिली आणि उतारावरून पळणारी ती काळी पाठ झाडीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

गावात पोचला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. आर्नेके सासुरवाडीला गेलेला. छापखान्याच्या दारात त्याची म्हातारी आई शतावरीचे कोंब सोलत बसली होती. मांडीवर परात, पायाशी सालपटांचा ढीग.

"आजी, किल्ली द्या. कागद बघायचाय फक्त."

म्हातारीनं मान वर केली नाही. "सनाच्या दिशी कसला आलाय कागूद? बस. पाणी पी. कुत्र्यावानी धापा टाकाय लागलायस."

"आजी, माझी नोकरी आहे त्याच्यावर."

"नोकरी कागदावर, लगीन नोकरीवर, आन् तू कशावर रं?" तिनं सुरी ठेवली, एप्रनखाली चाचपून किल्ली काढली. "जा. पर कागदाला हात लावू नगंस. माज्या पोराचा जीव जातो."

"मला सांगताय, आजी?"

खरंच, त्याला काय सांगायचं. आत गेला. हात रुमालाला पुसले, पुन्हा पुसले. कागद फळीवर सपाट पडलेला, वर झाकणाचा कागद. ते झाकण त्यानं कोपऱ्याला नखानं उचललं आणि हात पाठीमागं बांधून वाकला.

Γ(γ), पहिला. बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा. चौथा: Γ(γ−β). कंस बंद. उणे एक नव्हतं.

त्यानं श्वास सोडला. दारापर्यंत आला. आणि दारात उभं राहिल्यावर मनात आलं, की चौथा पाहिला तो खरंच चौथा होता, की घाईत तिसराच दोनदा पाहिला? दोघांचं तोंड एकसारखं. अल्फा आणि बीटा, एवढाच काय तो फरक. तो परत गेला. यावेळी डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून अक्षराअक्षराखाली बोट नेत वाचलं. बोट हवेतच धरलं होतं, असं तो शेवटपर्यंत सांगायचा. अल्फा. बीटा. बरोबर. झाकण घातलं. बाहेर आला. परत गेला.

"आता काय आत बिऱ्हाड मांडतोयस?" म्हातारी बाहेरून ओरडली.

"आलो, आजी. एकदाच."

ते एकदाच किती झालं, म्हातारीनं मोजलं नाही. तिची शतावरी सोलून संपली तेव्हा तो किल्ली घेऊन बाहेर आला. चेहरा मोकळा झाला होता. तिच्या हाताला हात लावून म्हणाला, "बरोबर आहे, आजी. चारही बरोबर आहेत."

"व्हय. मंग आता झोप."

मंगळवारी उजाडताना आर्नेकेनं कागद ओला केला, दगडावर पालथा घातला, दाब दिला, कागद सोलून काढला. गोंद-आम्ल लावलं. पाण्याचा बोळा फिरवला, वर शाईचा रूळ. पहिल्या फेरीला काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीला त्यानं रूळ थांबवला.

सूत्राच्या खालून, वरच्या दोन गॅमांखाली आणि खालच्या दोन गॅमांखाली, राखाडी पट्टे उठत होते. गोगलगाय पान चालून गेल्यासारखे. समासात एक अंगठा होता, चक्रासकट.

लुडॉल्फ आला तो डोरेटेला घेऊन. रात्री ती त्याच्या दारात जाऊन विचारून आली होती आणि 'बरोबर आहे' ऐकून सुखानं झोपली होती. आज पहिला कागद निघताना बघू म्हणून दोघं हसत हसत आली.

आर्नेके बाजूला झाला.

लुडॉल्फनं दगडाकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं.

"मास्तर," आर्नेके हळूच म्हणाला, "काय खाल्लं व्हतं?"

डोरेटेनं तोंडावर हात घेतला. "बाबांचं सॉसेज."

"खरवडा," लुडॉल्फ म्हणाला. त्याचा आवाज दुसऱ्याच माणसाचा वाटत होता. "दगड खरवडता येतो ना? खरवडा ते."

"येतो की. पर बघा हितं." आर्नेकेनं सुरीचं टोक दगडाला न टेकवता दाखवलं. "पट्टा अक्षराला चिकटून हाय. खालच्या वळीत तर अक्षरावर चढलाय. मी खरवडीन, पर त्यासोबत एखादी रेघ जाईल. ती परत लिवायची तर उलटी लिवाय लागंल, दगडावर. मला ह्यातली कंची रेघ काय म्हंती ते ठावं न्हाय. तुमचा हात तर आज..."

 लुडॉल्फनं हात खिशात घातला.

"दुसरा कागद लिहितो. आत्ता बसतो."

"वाळायचा कवा? साहेब उद्या सकाळच्या गाडीनं छापलेल्या परती घेऊन हाल्लेला निघालेत. म्या त्यांना सबूद दिलाय." आर्नेकेनं रूळ टेकवला. "असंच छापायचं का न्हाय, ते मी ठरवायचं न्हाय आन् तुमीबी न्हाय. साहेबाकडं जावा. हे घिऊन जावा." त्यानं दगडावर कागद दाबून एक नमुना काढून दिला. कोरा कागद, त्यावर सूत्र आणि सूत्राभोवती ती बोटं.

रस्त्यानं डोरेटे त्याच्याबरोबर चालली.  जुन्या तटावरच्या लिंडनच्या झाडांखाली तो मधेच थांबला.

"सूत्र बरोबर होतं, डोरेटे. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच बरोबर होतं. तेव्हाच बाहेर आलो असतो तर..."

"आता ते नको."

"घाण मी केली. चूक नव्हती, ती घाण मी केली."

ती चालू लागली.  घाणीत अर्धी भर तिच्या बापाची होती.

दार प्रोफेसरीणबाईंनी उघडलं. त्यांनी दोघांची तोंडं पाहिली, डोरेटेला स्वैपाकघरात नेऊन कॉफी दिली, आणि लुडॉल्फला वर पाठवलं. वरचं बोलणं खाली ऐकू येत होतं. टीलेनबर्गांचा आवाज फळ्यासाठीच घडलेला.

 आधी ते कागद बघत असावेत.

"हे काय आहे, आल्बोर्न?"

"माझं बोट, प्रोफेसरसाहेब."

"ते मला दिसतं. एवढं कशासाठी फिरलं?"

लुडॉल्फनं सांगितलं. किल्ला, चौथा गॅमा, खिडकीतली हाक, किल्ली. काही लपवलं नाही. 

"म्हणजे पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा समाधान झालं नाही."

"झालं होतं. दारापर्यंत टिकलं."

खाली डोरेटेच्या हातात कप तसाच होता. प्रोफेसरीणबाई म्हणाल्या, "पी बाई, थंड होईल." ती प्याली नाही.

वर खुर्ची सरकली. टीलेनबर्ग फेऱ्या घालू लागले, जमिनीच्या फळ्यांची करकर ऐकू येत होती.

"आइनबेकला मी काय कळवू, सांगा. गणित येतं? येतं. हस्ताक्षर? त्या शाळेत एवढं सुरेख कुणाचं नसेल. पण तिथं फळा असतो, आल्बोर्न. मागं चाळीस पोरं बसलेली असतात. फळ्यावर लिहिलेलं एकदा पाहायला मिळतं. दुसऱ्यांदा बघाल तर पोरं खुसखुसतील, तिसऱ्यांदा बघाल तर खडू फेकतील. महिन्याभरात तुम्हाला कच्चं खातील ती पोरं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

वरच्या फेऱ्या थांबल्या.

"आता मी हा कागद पालथा घालतो." कागदाचा आवाज आला. "तुम्ही इथं उभे आहात, मी इथं. कागद बघायचा नाही. चौथा गॅमा. बरोबर लिहिलाय का?"

खाली आम्ही म्हणजे डोरेटे आणि प्रोफेसरीणबाई, आणि डोरेटेच्या तोंडून नंतर हे ऐकणारी सगळी गल्ली, सगळ्यांना ठाऊक होतं, की आता काय येणार. 'थांबा, पुन्हा बघतो.' डोरेटेनं डोळे मिटून घेतले. तिला वर धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला, असं ती सांगायची.

भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. वर लुडॉल्फला, तो पुढं सांगायचा, त्या क्षणी खरंच काही दिसेना. कंस नाही, बीटा नाही. काल इतक्या वेळा बघितलेलं सगळं पुसून गेलं होतं, फक्त बोटाखालचा ओलसर कागद आठवत होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"व्याख्येवरून. मोठा गॅमा z चा म्हणजे पाय z उणे एकचा. उणे एक खुणेतच गेलं. कंसात उरतो लहान गॅमा उणे बीटा."

"ते खरं काय आहे, ते झालं. मी विचारलं, तुम्ही काय लिहिलंत?"

पुन्हा घड्याळ. मग लुडॉल्फचा आवाज आला, मोठा नाही, पण खालपर्यंत पोचणारा.

"जे खरं आहे तेच मी लिहिलंय, प्रोफेसरसाहेब."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात मी आकडे घालून तपासलं होतं. व्याख्या धरून नव्हतं तपासलं. तेव्हा चुकलो होतो. आता चुकलेलो नाही."

"पैज लावाल?"

"आइनबेक लावलंय की," लुडॉल्फ म्हणाला.

टीलेनबर्ग हसले की खोकले, ते खाली कळलं नाही. कागद उलटल्याचा आवाज आला.  डोरेटेनं टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती, की प्रोफेसरीणबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"लहान गॅमा उणे बीटा," टीलेनबर्ग म्हणाले. "कंस बंद. जा, आर्नेकेला सांगा, आहे तसं छाप."

"बोटांसकट?"

"हाल्लेत कुणी विचारलं तर सांगेन, आमच्याकडे सूत्रं हातानं तपासतात. आइनबेकला मी आज लिहितो. आणि आल्बोर्न, मी काय लिहिणार आहे ते मला विचारू नका. आणि लिहून झाल्यावर बघायलाही येऊ नका."

तो खाली आला तेव्हा डोरेटे दारात होती.  दोघं तटाच्या वाटेनं परत निघाली. प्रोफेसर काय लिहितील? 'हुशार, पण' असं लिहितील का? 'पण' लिहिलं तर किती मोठं लिहितील? हे त्याच्या कपाळावर उमटत होतं आणि ती ते वाचत होती. एकदा तो थबकला आणि मागं प्रोफेसरांच्या खिडकीकडे वळून पाहिलं. तिनं त्याची बाही धरली नाही, ओढलं नाही. नुसती उभी राहिली. मग तोच चालू लागला.

छापखान्यात आर्नेके बाह्या सावरून वाट बघत होता. "काय म्हनलं साहेब?"

"छापा."

"असंच?"

"असंच."

आर्नेकेनं पाण्याचा बोळा फिरवला, रूळ फिरवला, कागद घातला, दांडा ओढला. पहिला कागद सोलून त्यानं लुडॉल्फपुढं धरला. ओली काळी शाई, सूत्राच्या खालून गेलेले पट्टे, समासातला अंगठा.

"बघा एकदा, मास्तर."

लुडॉल्फचे दोन्ही हात खिशात होते. बाहेरून दिसत होतं, मुठी आवळलेल्या होत्या. 

"दोरीवर घाला," तो म्हणाला. "दुसरा काढा."